मागून येणारी ट्रॉली आणि उघडे शेततळे

कापसाची वेचणी जोरात असताना, दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, माझ्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या एका कर्णबधिर मुलाला मागून आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने धडक दिली. तो सायकलवरून, रस्त्याच्या डाव्या कडेने, घरी चालला होता. ट्रॉलीत कापूस इतका फुगवून भरला होता की तो दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आला होता, आणि चालकाने हॉर्न वाजवला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे गृहीत धरले होते. मुलगा वाचला. दवाखान्याच्या ओट्यावर जमलेल्या माणसांत जे बोलणे चालले होते, त्यातले एक वाक्य मी पुढच्या वीस वर्षांत जळगावपासून शहाद्यापर्यंत अनेकदा ऐकले: "त्याले ऐकू येत नही, मंग आसंच व्हई." त्या वाक्यात हळहळ होती, दुष्टपणा मुळीच नव्हता. तरीही ते वाक्य चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायी माणसे पुन्हा पुन्हा जखमी होतात, असे मला इथे मांडायचे आहे.

हे वाक्य चुकीचे अशासाठी की ते कारण सापडल्याचा आभास निर्माण करते आणि पुढची चौकशी थांबवते. अपघाताचे कारण मुलाच्या कानात सापडले, की ट्रॉली किती भरली होती, तिला मागे-पुढे दिवे होते का, रस्त्याला साइडपट्टी का नव्हती, हे प्रश्न कुणी विचारत नाही. मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाबाबत तर "त्याले काय समजस" एवढे म्हटले की संपलेच. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा बहिरेपण असलेल्या माणसाला झालेली दुखापत ही आपल्याकडे त्याच्या नशिबाचाच एक भाग मानली जाते, आणि नशिबाची चौकशी पोलीस, ग्रामपंचायत, डॉक्टर, पत्रकार यांच्यापैकी कुणीच करत नाही.

वस्तुतः या दुखापतींचा अभ्यास जगात झालेला आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात सरकारी आरोग्य योजनेखालील मुलांच्या उपचारांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी ऐकू येणाऱ्या मुलांना दुखापतीसाठी दवाखान्यात आणावे लागण्याचे प्रमाण इतर मुलांच्या दुपटीहून अधिक आढळले. प्रौढांबाबत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात असे दिसले की ऐकण्याची क्षमता २५ डेसिबलने, म्हणजे ज्याला आपण सौम्य बहिरेपण म्हणतो तेवढीच, घटलेली असली तरी पडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होते. स्वमग्न मुलांविषयीचा निष्कर्ष याहून भीषण आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ ते २०१४ या काळातील अमेरिकेतील मृत्यूनोंदी तपासल्या आणि चौदा वर्षांपर्यंतच्या स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका सर्वसाधारण मुलांच्या सुमारे १६० पट आहे, असे २०१७ मध्ये मांडले. त्याआधी २०१२ मध्ये तिथल्याच पालकांच्या एका पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी एकदा तरी घरातून वा शाळेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले होते. हे आकडे दूरच्या देशाचे आहेत, पण ज्या कारणांनी ते वाढतात ती कारणे तापी आणि गिरणेच्या काठी अधिकच उघड्यावर आहेत.

बहिरेपणाचेच आधी पाहू, कारण त्याबद्दल आपल्या मनात फार ढोबळ कल्पना आहेत. ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे इंद्रिय एकाच ठिकाणी, अंतःकर्णात, शेजारी शेजारी असते. त्यामुळे ज्या आजाराने किंवा जन्मदोषाने ऐकू येणे जाते, त्याने पुष्कळ मुलांचा तोलही अधू होतो. अशी मुले उशिरा चालायला लागतात, अंधारात भेलकांडतात, आणि डोळ्यांनी जमीन पाहून तोल सावरायला शिकतात. दिवसा हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते, पाणी भरायला रात्री जावे लागते, आणि केळीच्या बागेत पाटाच्या ओल्या बांधावरून चालणाऱ्या कर्णबधिर शेतकऱ्याजवळ अशा वेळी कानही नसतात, डोळ्यांचा आधारही नसतो. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांचे पाय असेच रात्रीच्या पाणी भरण्यात मोडले. दोघांच्याही घरच्यांनी मला "पाय घसरला" एवढेच सांगितले, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते.

दुसरी ढोबळ कल्पना अशी की श्रवणयंत्र दिले म्हणजे प्रश्न मिटला. आवाज कुठून आला हे कळण्यासाठी दोन कान लागतात, कारण दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजातल्या सूक्ष्म फरकावरूनच मेंदू दिशा ठरवतो. एकाच कानाला यंत्र लावलेल्या मुलाला हॉर्न ऐकू येतो, पण तो डावीकडून आला की मागून हे त्याला उमगत नाही, आणि गोंधळून तो नेमका वाहनाच्या वाटेत सरकतो. शिबिरात यंत्र मिळते, फोटो निघतो, आणि काही आठवड्यांनी बॅटरी संपली की ती तालुक्याच्या गावी मिळत नाही. यंत्र कपाटात जाते. श्रवणयंत्र वाटणाऱ्या प्रत्येक योजनेत दोन्ही कानांची यंत्रे आणि वर्षभराच्या बॅटऱ्या यांची तरतूद हा सुरक्षिततेचा भाग मानला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि मुख्य दोष कानात शोधणे मला मान्य नाही. कर्णबधिर माणूस मुळातच रस्त्यावर धोकादायक असतो असे मानून त्याला वाहन परवाना नाकारण्याची पद्धत आपल्या देशात दीर्घकाळ होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये या बंदीला छेद दिला, आणि आज अनेक कर्णबधिर तरुण परवाना घेऊन दुचाकी चालवतात. जो माणूस डोळ्यांवर विसंबून राहतो तो आरशात अधिक वेळा पाहतो, हे त्यांच्याबरोबर प्रवास केलेल्या कुणालाही माहीत आहे. अडचण येते ती तो पायी किंवा सायकलवर असताना, मागून येणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या कानांवर भरवसा ठेवलेला असतो तेव्हा. आपली बहुतेक सारी इशाऱ्यांची व्यवस्था आवाजाची आहे: हॉर्न, भोंगा, शिट्टी, दवंडी, ध्वनिक्षेपक, आणि "बाजूला हो" अशी आरोळी. सारंगखेड्याच्या यात्रेत हरवलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, आणि ते मूल कर्णबधिर असेल तर ध्वनिक्षेपकाच्या खाली उभे राहूनही ते हरवलेलेच राहते.

आवाजाचा इशारा किती तोकडा असतो, हे ऐकू येणाऱ्यांच्या अनुभवावरूनही दिसते. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या अफवेने खाली उतरलेल्या डझनभर प्रवाशांचा शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली मृत्यू झाला. त्या माणसांना ऐकू येत होते. भेदरलेल्या गर्दीत आणि वळणावर त्या ऐकू येण्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांच्याबद्दल "त्यांना ऐकू आले नाही म्हणून" असे कुणी म्हटले नाही. रेल्वेने काय करायला हवे होते, याचीच चर्चा झाली आणि तीच योग्य होती. मला एवढेच म्हणायचे आहे की भुसावळ-जळगाव किंवा नंदुरबार-दोंडाईचा मार्गालगतच्या शेतातून रूळ ओलांडणारा एखादा कर्णबधिर मजूर गाडीखाली सापडतो, तेव्हाही हीच चर्चा व्हायला हवी. ब्रॉडगेज मार्गावरील बिनगेटची फाटके २०१९ पर्यंत बंद करण्यात आली, हे चांगले झाले. पण गावाची पायवाट रुळांवरूनच जात असेल आणि भुयारी रस्ता पावसाळ्यात पाण्याने भरत असेल, तर माणसे वरूनच जाणार.

आता पाण्याकडे वळू, कारण बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांच्या बाबतीत मला सर्वाधिक भीती त्याचीच वाटते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. चमकणारे, हलणारे, एकसारखा आवाज करणारे पाणी त्यांना शांत करते, आणि घरातला गोंगाट असह्य झाला की ती सरळ तिकडे निघतात. खान्देशात पाणी शोधायला दूर जावे लागत नाही. कठडा नसलेल्या विहिरी आहेत, पाट आहेत, आणि गेल्या काही वर्षांत शेततळी आली. शेततळ्याने कोरडवाहू शेतकऱ्याला मोठा आधार दिला, त्याविषयी मला कृतज्ञताच आहे. पण त्याच्या तळाशी आणि उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की त्यावर हात-पाय टिकत नाहीत, आणि पोहता येणारा धडधाकट माणूसही दोराशिवाय वर चढू शकत नाही. रावेर तालुक्यातल्या एका गावात माझ्या ओळखीच्या कुटुंबातला अकरा वर्षांचा स्वमग्न मुलगा दुपारी घरातून निघाला आणि शेजाऱ्याच्या शेततळ्याच्या काठावर जाऊन बसला. पाण्यात पाय सोडून बसलेला तो तिथल्या सालदाराच्या नजरेस पडला म्हणून वाचला. सालदार त्या दिवशी बाजाराला गेला असता तर गावाने काय म्हटले असते, हे मला आधीच माहीत आहे.

याच गावांत इतर पोरांना मात्र पाण्यासाठी तयार केले जाते. पाठीला रिकामा डबा बांधून काका किंवा मामा पोराला विहिरीत उतरवतो, आठ-दहा दिवस त्याच्याबरोबर पाण्यात राहतो, आणि एका उन्हाळ्यात पोर पोहायला शिकते. दिव्यांग मुलाला या परंपरेतून वगळलेले असते. ज्याला सर्वांत आधी शिकवायला हवे तोच विहिरीच्या काठावर बसून इतरांना पाहतो. बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या अहवालात सुचवलेल्या उपायांत पाण्याला अडसर घालणे, लहान मुलांसाठी दिवसा सांभाळण्याची जागा करणे आणि शाळेच्या वयात पोहणे शिकवणे यांचा समावेश आहे. यातले काहीही महाग किंवा परके नाही. फक्त एक सावधगिरी सांगितली पाहिजे: ज्या कर्णबधिर मुलाचा तोल अधू आहे त्याला पाण्याखाली डोळे मिटले तर वर-खाली कळेनासे होते, म्हणून त्याला शिकवणारा माणूस सतत हाताच्या अंतरावर हवा.

फेफऱ्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या साधारण पाचातील एका व्यक्तीला अपस्मारही, म्हणजे फेफरेही, असतो. झटका चुलीजवळ आला तर भाजणे, नदीवर धुणे धुताना आला तर बुडणे, असा त्याचा हिशेब आहे. गोळ्या मध्येच बंद झाल्या की झटके उसळतात, आणि काही जुन्या गोळ्यांनी चाल डळमळते व वर्षानुवर्षांत हाडे ठिसूळ होतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा साठा अखंड राहणे हीदेखील अपघात रोखण्याचीच बाब आहे.

"घरच्यांनी लक्ष ठेवावे" हा यावरचा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. अशा मुलाच्या आईइतके लक्ष ठेवणारे माणूस मी पाहिलेले नाही. ती रात्री दाराला आडवी झोपते, मुलाच्या पायांत वाजणारे चाळ घालते, शेजारच्या पोरांना चॉकलेट देऊन पहारेकरी करते. पण वेचणीच्या दिवसांत पहाटेपासून कपाशीत जायचे आणि सोबत धावणाऱ्या मुलाला सांभाळायचे, हे एका माणसाला शक्य नाही. मग काही घरांत मुलाला बाजेच्या पायाला दोरीने बांधून जातात. दोरीचे वळ मी पाहिले आहेत, आणि त्या आईचे डोळेही पाहिले आहेत. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. बांधलेल्या मुलाला घरात आग लागली, साप निघाला, झटका आला तर पळताही येत नाही, म्हणजे एक धोका टाळण्यासाठी तिने नाइलाजाने दुसरा पत्करलेला असतो. अकराणी-अक्कलकुव्याकडची जी कुटुंबे मुलांसह मजुरीसाठी गुजरातेत जातात, त्यांना तर दार लावायला घरही नसते.

म्हणून वेचणीच्या हंगामापुरते तरी गावात दिवसाचे सांभाळघर हवे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे, आणि तो अनेक ठिकाणी मार्चअखेर वस्तू वाटून किंवा थोडीथोडी रक्कम खात्यावर टाकून संपवला जातो. त्या पैशांतून चार महिने दोन बायांचे मानधन, गावातल्या सर्वांत धोकादायक विहिरीचा कठडा आणि शेततळ्यांना जाळी होऊ शकते. रोख रकमेची गरज असलेली घरे आहेत हे मी नाकारत नाही. पण वर्षाकाठी मिळणाऱ्या त्या रकमेपेक्षा मुलाचे जिवंत राहणे कुटुंबाला अधिक मोलाचे वाटेल, याविषयी मला शंका नाही.

दुखापत झाल्यावर दवाखान्यात जे होते ती मी दुसरी दुखापत मानते. त्या ट्रॉलीने धडक दिलेल्या मुलाचे कॉलरबोन मोडले होते, ते लगेच सापडले. मनगटही मोडले होते, ते नऊ दिवसांनी सापडले, कारण डॉक्टरांनी सारे प्रश्न वडिलांना विचारले आणि वडील अपघाताच्या वेळी शेतात होते. मुलाला सगळे ठाऊक होते. त्याला कुणी विचारले नाही. शिवाय त्याच्या उजव्या हाताला सलाइन लावून हात फळीला बांधला होता. खुणांनी बोलणाऱ्या मुलाचा हात बांधणे म्हणजे त्याची वाचा बांधणे, हे तिथल्या परिचारिकेला कुणी शिकवले नव्हते. तिला मी समजावले तेव्हा तिने तत्काळ सुई डाव्या हातात बदलली. बौद्धिक दिव्यांग मुलांबाबत गोष्ट आणखी अवघड असते. ते मूल पोट दुखल्यावर डोके आपटते, हाड मोडल्यावर जेवण सोडते, आणि ही "त्याची सवयच" समजून घरी पाठवले जाते. अशा मुलाच्या वागण्यात अचानक बदल झाला की आधी वेदना शोधायची, ही शिस्त जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आपत्कालीन पाळीच्या आधी शिकवली पाहिजे. खुणांची भाषा जाणणारा दुभाषा दूरदृश्य पद्धतीने उपलब्ध करणे आता अशक्य राहिलेले नाही, कारण प्रत्येक परिचारिकेच्या हातात स्मार्टफोन आहे.

कायदा यापेक्षा पुढे गेलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ नुसार धोक्याच्या व नैसर्गिक आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना समान संरक्षण मिळाले पाहिजे, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवून धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करायची आहे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की तापीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. त्या गावांतील कर्णबधिर मच्छीमार आणि गुराखी कोण, त्यांच्या मोबाइलवर चित्रासह संदेश कोण पाठवणार, नदीपात्रात उभे असताना त्यांना दिसेल असा लाल दिवा किंवा झेंडा कुठे लावायचा, याची यादी गावनिहाय तयार असायला हवी. दिव्यांगांना मिळणाऱ्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी (युडीआयडी) नाव, पत्ता आणि दिव्यांगत्वाचा प्रकार आधीच नोंदलेला असतो. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. ही माहिती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात नेणे एवढेच काम आहे.

त्याहूनही आधीचे काम मोजणीचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात देशभरात बुडून मेलेल्यांची संख्या येते, ती दरवर्षी ३० हजारांहून अधिक असते, आणि तिची वय व लिंगानुसार वर्गवारी असते. दिव्यांगत्वानुसार वर्गवारी नसते. आकस्मिक मृत्यूची नोंद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनाम्यात मृताच्या अंगावरच्या शर्टाच्या बटणांपर्यंत वर्णन असते. त्यात एक ओळ वाढवली, "मृतास दिव्यांगत्व होते काय, असल्यास कोणते", तर पाच वर्षांत आपल्याला तालुकानिहाय कळेल की कोणत्या विहिरी, कोणती वळणे आणि कोणते पाट या माणसांना मारत आहेत. ही ओळ वाढवण्याचा आदेश जिल्हा पातळीवर निघू शकतो, आणि तो मागण्यासाठी आमदारापासून सरपंचापर्यंत कुणीही पत्र लिहू शकतो. १ मे च्या ग्रामसभेत विहिरींचा विषय मांडला तर मान्सूनपूर्वी महिनाभर हाताशी राहतो.

रावेर तालुक्यातल्या त्या शेततळ्याला मालकाने नंतर स्वतःच्या खर्चाने जाळी लावली आणि दाराला कडी बसवली. मुलाने ती तिसऱ्या दिवशी उघडली. मग त्याच्या वडिलांनी आणि मालकाने मिळून कडी बाहेरच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर लावली, दोन कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाच्या काकाने त्याला पाठीला डबा बांधून गावाच्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरवायला सुरुवात केली. दीड महिना रोज सकाळी, दुसरी पोरे यायच्या आधी, कारण गोंगाट त्याला सोसत नाही. अजून त्याला हात मारता येत नाही, पण पाण्यावर उताणे पडून राहता येते.